बंद बाटलीतली गाठ

१

संग्रामपूरच्या किडनी संशोधन केंद्रापुढची गर्दी पाहून उपनिरीक्षक निवेदिता खर्चेला वाटलं, कोणीतरी दगावलं. जीप फाटकाशी थांबते न थांबते तोच तिच्या कानावर आरडाओरडा आला.

"असली औषध इकून खाल्लं यानं! आमाले चुन्याच्या गोळ्या चारून राह्यला!"

पायऱ्यांवर भिंतीला पाठ लावून आसिम उभा होता. केंद्राचं औषधभांडार सांभाळणारा हा तरुण औषधनिर्माता. सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवली होती आणि ओठातून रक्त येत होतं. तो ओरडत नव्हता, हात जोडत नव्हता. समोरच्या एकेका चेहऱ्याकडे नुसता पाहत होता. त्यातल्या बहुतेकांना तो नावानं ओळखत असणार.

निवेदितानं त्याला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

केंद्रप्रमुख डॉ. शंतनु घाटे यांच्या टेबलावर पाण्याचे दोन ग्लास ठेवलेले होते. एकातलं पाणी नितळ होतं. दुसऱ्याच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता.

"दोन्हींत एकेक गोळी टाकली," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "ह्या ग्लासात जुन्या खोक्यातली, ह्यात नव्या खोक्यातली, एका रोग्याच्या बाटलीतून घेतलेली. जुनी केव्हाच विरघळली. ही बघा, सकाळपासून तशीच आहे. हे औषधच नाही, मॅडम. कुणीतरी बदललंय."

संग्रामपूरच्या मुलखाला खारपाणपट्टा म्हणतात ते उगाच नाही. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि माणसांच्या किडन्या ऐन उमेदीत थकतात. नवं औषध चाचणीसाठी इथं आलं तेव्हा लोक आधी बिचकले. मग गावातल्या म्हाताऱ्या भिमाबाईंच्या पायांची सूज उतरली, त्या चालत बाजाराला आल्या, आणि केंद्रापुढे रांग लागली. आता त्याच भिमाबाई आतल्या खाटेवर होत्या. चेहरा सुजलेला, दम लागलेला. नव्या खोक्यातल्या गोळ्या घेणारे आणखी काही जण त्यांच्याच वाटेनं निघाले होते.

"भांडाराची किल्ली कुणाकडे असते?"

"आसिमकडे," डॉक्टर म्हणाले. "एक माझ्याकडेही असते, पण ती टेबलाच्या खणात पडून असते."

निवेदितानं नवा खोका पंचांसमोर ताब्यात घेतला. एका बाजूची चिकटपट्टी पार सुटून लोंबत होती. खोका उघडलेला होता, यात शंकाच नव्हती. तिनं आतली एक बाटली उचलून उजेडात धरली, मग दुसरी, मग तिसरी. वाटून उरलेल्या सगळ्या बाटल्या तिनं एकेक करून पाहिल्या आणि ती बुचकळ्यात पडली.

एकाही बाटलीचं सील तुटलेलं नव्हतं.

२

"चिकटपट्टी मी काढली नाही, मॅडम," आसिम म्हणाला. ठाण्यातल्या बाकावर तो ताठ बसला होता. "खोका आला त्या शनिवारी मी दिवस बुडता मगरीबच्या नमाजले गेल्तो. वापस आलो तं खोका भांडारात ठेवलेला. पट्टी तवाच सुटेल होती. मले वाटलं, वाटेत घासली असंल."

"आणून कोणी ठेवला?"

"चिंतामणभाऊच आनते दरवेळी. म्हणून मी इचारलंच नाही."

"आणि मग थंड खोलीत ठेवला?"

"त्याच मिनिटाले. खिडकी नाही त्या खोलीले. लाइट गेली तरी आत गारवा राह्यते." त्यानं उसवलेली बाही खांद्यावर ओढली. "मॅडम, भिमाबाईच्या पायाची सूज उतरली तवा तिनं माह्या घरी आंबे पाठवले होते. हीना म्हणे, आता तरी गावात आपलं बस्तान बसलं. अन् मी तिलेच चुना देईन?"

हीना ही त्याची बायको. ती ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली डबा घेऊन बसली होती. तिच्यापासून हातभर अंतर सोडून लोक ये-जा करत होते. ते अंतर निवेदिताच्या नजरेतून सुटलं नाही.

परिचारिका प्रेमलाताई कडक स्वभावाच्या. "मी बाटली देते ती सीलबंद देते, रोग्यासमोरच फोडते," त्या म्हणाल्या. "खोक्याची पट्टी जिकडून सुटली होती तिकडच्या ओळीतल्या बाटल्या आधी वाटल्या, कारण तिथूनच हात जात होता. भिमाबाईंचीही त्याच ओळीतली."

चालक चिंतामण मात्र बोलताना सारखा टोपी चाचपत होता.

"मलकापूर टेशनावरून मीच आनला, मॅडम. डिक्कीत ठेवला, वरून ओलं पोतं टाकलं, अन् थेट आलो. कुठीच थांबलो नाही."

"दरवेळी डिक्कीतच?"

"हाव. दरवेळी."

गाठ उलट आणखी घट्ट झाली. आसिमनं गोळ्या बदलल्या असतील तर सीलं कशी शाबूत राहिली? कारखान्यातच खोट असेल तर खोका कोणी आणि कशाला फोडला? बाटल्या फोडून तपासाव्यात, तर डॉक्टरांनीच बजावलं होतं की हवेतला ओलावा लागला की हे औषध बिघडतं. म्हणजे पुरावाच नासायचा. प्रयोगशाळेत पाठवाव्यात, तर उत्तर येईतो पावसाळा लागायचा. तोवर आसिम कोठडीत, आणि ज्यांच्या घरी बाटल्या गेल्या ते सगळे लोक त्या गोळ्या घ्याव्यात की फेकाव्यात या पेचात.

निवेदिताला अकोल्याच्या वसतिगृहातली एक मैत्रीण आठवली. मेसच्या दुधात पाणी किती आहे, हे ग्लास खिडकीशी धरून सांगायची आणि मावशींना रडकुंडीला आणायची. तिनं फोन लावला.

"सबीहा, सील न तोडता बाटलीच्या आत काय आहे ते सांगता येते का?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "बे निवे, मी आयुष्यभर दुसरं काय करून राह्यली?"

३

डॉ. सबीहा मिर्झा मूळची मोताळ्याची. वडील शिलाईकाम करायचे. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत जिवंत पेशींकडे पाहायची, आणि पाहायची म्हणजे खरोखरच नुसतं पाहायची. इतर जण पेशी दिसावी म्हणून तिच्यावर रंग चढवतात, चमकणारी खूण चिकटवतात. त्या रंगानं पेशी बिथरते, कधी मरते. सबीहाच्या पद्धतीत रंग नाही, खूण नाही, स्पर्शसुद्धा नाही. फक्त प्रकाश. तिच्या बोलण्यातलं वऱ्हाडी ऐकून पुण्यात कोणी हसलं, तर ती तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणायची.

शासकीय पत्र मिळताच ती यंत्र घेऊन आली. दिसायला ते मोठ्या डब्याएवढं, पण तळहातावरच्या फोडासारखं जपत तिनं ते जीपमधून स्वतः उतरवलं. ठाण्यातली एक खोली काळ्या कापडानं अंधारी केली. खोका जसा जप्त केला होता तसाच, बाटल्या आपापल्या खणात, टेबलावर ठेवला.

"कसं चालते हे?" निवेदितानं विचारलं.

"लेझरचा किरण टाकायचा. बराचसा प्रकाश जसा गेला तसाच वापस येते. पण थोडासा, अगदी थोडासा, आतल्या रेणूंच्या थरथरीतून जाते अन् रंग बदलून येते. प्रत्येक पदार्थाची थरथर वेगळी. त्याच्यावरून ओळख पटते. रामन पद्धत म्हणतात हिले. काच मधात असली तरी हरकत नाही, तिची थरथर वजा करता येते."

आधी तिनं जुन्या खोक्यातली चांगली बाटली यंत्रासमोर धरली. पडद्यावर एक उंचसखल रेघ उमटली, संग्रामपूरहून दिसणाऱ्या सातपुड्याच्या रांगेसारखी. मग नव्या खोक्यातली बाटली. दुसरी रेघ पहिलीच्या खाली उमटू लागली.

डॉ. घाटे दाराशी उभे होते. "चुना आहे की खडू, तेवढं सांगा," ते म्हणाले.

सबीहानं दुसरी बाटली घेतली, तिसरी घेतली. निवेदिता तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. वसतिगृहातली ती खट्याळ पोरगी कुठल्या कुठे गेली होती. अंधारात पडद्याच्या उजेडात दिसत होती ती कमालीची शांत, सावध बाई. घाई म्हणून नाही. एकच मोजणी ती पुन्हा पुन्हा घेत होती, जणू स्वतःवरच तिचा विश्वास नव्हता, आणि तो बसेपर्यंत ती कोणालाच काही सांगणार नव्हती.

शेवटी तिनं मान वर केली.

"चुना नाही. खडू नाही. पिठी नाही," ती म्हणाली. "सगळ्या बाटल्यांत खरंच औषध हाय. शंभर नंबरी. कोणी काही बदललं नाही."

"अशक्य!" डॉक्टर म्हणाले. "ते विरघळत नाही, मी स्वतः पाहिलं!"

"तेही खरंच हाय," सबीहा म्हणाली.

४

ती निवेदिताला पडद्यापाशी घेऊन गेली. डॉक्टरांना रोग्यांकडून बोलावणं आलं होतं. ते गेले होते.

"ह्या दोन रेघा पाहा. उंच शिखरं जागच्या जागी हायेत, म्हणून रेणू तोच. पण डावीकडच्या टोकाले पाहा. इथं फरक हाय की नाही?"

होता. बारीक होता, पण एकदा दाखवल्यावर न दिसणं अशक्य होतं.

"ही थरथर एकट्या रेणूची नाही, रेणू एकमेकांले कसे खेटून बसले त्याची. आता तू सांग, जिनिंगमधला मोकळा कापूस पाण्यात टाकला तं?"

"लगेच पाणी पितो."

"अन् दाबून, पट्ट्या मारून बांधलेली गाठ?"

निवेदिताच्या डोक्यात उजेड पडला. "कापूस तोच, पण पाणी आत शिरायलाच वेळ लागतो."

"तसंच झालं. औषध तेच, पण त्याचे कण गाठीसारखे दाबून बसले. भिमाबाईच्या पोटात गोळी गेली अन् न विरघळता तशीच निघून गेली. विष नाही, चुना नाही. औषध असून नसल्यासारखं." ती पडद्यावरून वळली. "कोणी कोणाले मारायले निघालं नव्हतं, निवे."

"मग हे झालं कशानं?"

"दोनच रस्ते मले माहीत हायेत. ओलावा लागला तं पाणी रेणूंच्या मधात घुसून बसते, त्याची खूण पडद्यावर उमटते. इथं ती नाही. म्हणजे दुसरा रस्ता. कोरडी उष्णता. अन् तीही लय. खोलीतली लाइट गेली म्हणून एवढी होत नाही."

आता तिनं खोक्यातल्या बाटल्या ओळीनं तपासायला घेतल्या. प्रत्येक बाटलीवर किरण ठिपक्याठिपक्यानं फिरवून ती चित्र बनवत गेली. मोकळं औषध निळं, दाबलेलं तांबडं. सगळी चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी, खोक्यातल्या जागेप्रमाणे मांडली आणि दोघीही पडद्यापाशी वाकल्या.

सुटलेल्या चिकटपट्टीच्या बाजूला उरलेली पहिली ओळ तांबडीलाल होती. पुढे तांबडा रंग ओसरत गेला होता. मधल्या बाटल्यांत तर गोळ्यांचा त्या बाजूचा भाग तांबडा आणि मागचा निळा होता. पलीकडच्या टोकाला निळंशार.

"ऊन," निवेदिता पुटपुटली. "एका बाजूनं ऊन लागलं!"

"काचेतून. बंद गाडीत. मे महिन्याचं, आपल्या बुलढाण्याचं," सबीहा म्हणाली. "चिकटपट्टीचा डिंकही त्यानंच पातळ झाला. कोणी खोका फोडलाच नाही."

निवेदिता खुर्चीत बसली. आसिमविरुद्धचा तिचा सर्वांत भक्कम पुरावा हा सुटलेल्या पट्टीचाच होता, आणि तोच आता त्याच्या बाजूनं साक्ष देत होता. पण लगेच तिला दुसरं काही खटकलं.

"चिंतामण म्हणाला, डिक्कीत ठेवला होता. डिक्कीत काचेतून ऊन कुठून येणार? तिथं तापलंच असतं तर सगळीकडून सारखं तापलं असतं. आणि थेट आला असता तर वळणावळणाला उन्हाची बाजू बदलली असती. हा खोका सीटवर, खिडकीला लागून, एका जागी उभ्या गाडीत होता. बराच वेळ." ती उठली. "चिंतामण खोटं बोलतोय."

"तो काऊन खोटं बोलते, ते मात्र माह्या यंत्राले इचारू नको," सबीहा म्हणाली. "काय झालं ते त्यानं सांगतलं. कोणी केलं, ते तुह्यं काम."

५

चिंतामणला पुन्हा बोलावण्याआधी निवेदिता भिमाबाईंच्या खाटेपाशी गेली. दुसऱ्या केंद्रातून चांगल्या गोळ्या मागवल्या होत्या. त्यांना बोलण्याइतका जीव आला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आसिमचा.

"त्या पोराले सोडलं का?"

"तुमच्यामुळेच सुटेल कदाचित. आजी, नव्या बाटलीच्या आधीचा शनिवार आठवतो? तुम्ही इथं आला होता?"

"आठवते तं! चिंतामणनं मले ॲम्ब्युलन्समधून खामगावले नेलं होतं, मोठ्या तपासणीले. बिचारा दिवसभर माह्यासंगं बसून होता. दिवेलागणीले वापस आलो."

निवेदिता खाटेच्या कडेला बसली. "दिवसभर? मलकापूरला नाही गेला?"

"मलकापूर कुठचं! मी आली तवा मोठे डॉक्टर फेटा बांधून निघून राह्यले होते. मोताळ्याले सत्कार होता ना त्याईचा. म्हणे, चिंतामण तुमच्यासंगं जाते, मी माह्या हातानं चालवत जातो."

मलकापूर आणि मोताळा एकाच दिशेला. चालक नाही म्हणून डॉक्टरांनी जाता जाता स्टेशनवरून खोका घेतला. आणि मोताळ्याच्या मांडवाबाहेर, भर दुपारी...

डॉ. घाटे आपल्या खोलीत होते. खुर्चीच्या पाठीवर सत्काराची शाल अजून तशीच होती. निवेदितानं सबीहाचं चित्र त्यांच्यासमोर ठेवलं, आणि तांबड्यापासून निळ्यापर्यंत काय काय घडलं ते शांतपणे सांगितलं. डॉक्टर जाणकार होते. चित्र त्यांनी तिच्याआधीच वाचलं होतं.

"तुमच्या मागच्या सीटवर, खिडकीशी," निवेदिता म्हणाली. "भाषणं लांबली असतील."

"लांबली," डॉक्टर म्हणाले. "शहरातली नोकरी सोडून खारपाणपट्ट्यात आलेला डॉक्टर, असं कायकाय बोलत होते माझ्याबद्दल. खोका मी विसरलोच. गाडीत परत बसलो तेव्हा स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. तरी मनाला समजावलं, काही नाही होत. संध्याकाळी गुपचूप भांडारात ठेवला. मग भिमाबाई अशा झाल्या, आणि गोळी ग्लासात टाकली. तो गाळ पाहिला, आणि मला चक्क बरं वाटलं, मॅडम. वाटलं, हे औषधच नाही! चोरी आहे! म्हणजे माझं काही चुकलं नाही."

"आणि चिंतामण?"

"त्याच्या आईवर मी उपचार केले होते. मी म्हटलं, तूच आणला असं सांग. त्यानं का म्हणून विचारलंसुद्धा नाही." त्यांनी चष्मा काढला. "आसिमला पायऱ्यांवर मारत होते तेव्हा मी ह्याच खिडकीत उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं."

माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच निवेदिताला जास्त राग येत होता.

६

आसिमची सुटका झाली. डॉक्टरांवर पोलिसांना खोटी माहिती दिल्याचा गुन्हा नोंदला गेला, आणि संस्थेनं त्यांना प्रमुखपदावरून दूर केलं. चिंतामणनं आसिमच्या दारात येऊन टोपी काढली. आसिमनं त्याला आत घेऊन पाणी दिलं, पण बोलला नाही.

"तुमचीही तक्रार घेते मी," निवेदिता आसिमला म्हणाली. "बदनामीची. तुमचा हक्क आहे."

"कागदावर नको, मॅडम," आसिम म्हणाला. "माह्यं नाव लोकाईसमोर गेलं. लोकाईसमोरच वापस पायजे."

आठवडी बाजाराच्या दिवशी, भाजीच्या ओळी जिथं संपतात तिथं, बियाण्यांच्या जाहिरातीच्या भोंग्यातून डॉ. घाटे बोलले. त्यांनी काही लपवलं नाही. खोका कुणी उन्हात ठेवला, खोटं कोण बोललं, मार कुणी खाल्ला, सगळं नावानिशी सांगितलं. भाव करणारे लोक हळूहळू भोंग्याकडे वळत गेले. पायऱ्यांवर सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा माणूस कांद्याच्या ढिगापाशी मान खाली घालून उभा होता.

सबीहा पुण्याला परतली नाही, इतक्यात तरी नाही. जुन्या-नव्या दोन्ही खोक्यांतल्या वाटलेल्या बाटल्या गावोगाव पसरल्या होत्या. त्यातली कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे सांगायला दुसरं कोणी नव्हतं. मग ती आणि प्रेमलाताई जीपमधून निघाल्या. ओसरीवर खाट उभी करून, वरून घोंगडी टाकून ती अंधार करायची, बाटली यंत्रापुढे धरायची आणि घरच्यांना पडदा दाखवायची. आजीबाईंपासून सुनेपर्यंत सगळ्यांना मोकळ्या कापसाची आणि गाठीची गोष्ट ती दरवेळी तितक्याच हौसेनं सांगायची. निवेदिता एकदा सोबत गेली होती. उन्हानं लालबुंद झालेली, घामानं थबथबलेली आपली मैत्रीण एका म्हातारबाबांना त्यांच्याच बोलीत प्रकाशाची थरथर समजावून देताना तिनं पाहिली आणि मनात म्हटलं, विद्या असावी तर अशी. आपल्या माणसांपुढे मान वर करूनही मोठेपणा न मिरवणारी.

तपासलेल्या बाटल्यांतून चांगल्या निघाल्या त्या परत दिल्या. बाकीच्या जमा केल्या. नवा खोका आला तो आसिमनं स्वतः, मांडीवर ठेवून आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं भांडाराची खिडकी उघडली. बाहेर लोक होते, पण झाडाखाली घोळक्यानं; पुढे कोणी येईना. आसिम बाटल्या मांडत राहिला. तेवढ्यात मुलाच्या खांद्यावर हात ठेवून भिमाबाई पायरी चढल्या. त्यांनी खिडकीच्या गजांतून आपला सुरकुतलेला हात आत घातला आणि तळवा उघडला.

"दे बाबू," त्या म्हणाल्या. "तुह्याच हातानं दे."

त्यांच्या मागे एकेक करत लोक येऊन उभे राहिले, आणि रांग फाटकाच्या बाहेर गेली.